नाना पोतनिसांचा अपूर्ण अभ्यास

नाना पोतनीस गेले तेव्हा आमच्या कार्यालयात शोकसभा झाली. साहेब उभे राहून म्हणाले, "पोतनीस जी का एक अध्ययन अधूरा रह गया, इसका हम सबको दुख है." सगळ्यांनी माना हलवल्या, दोन मिनिटं शांतता पाळली आणि मग समोसे आले. मला हसू दाबावं लागलं आणि हसू दाबता दाबता रडू आलं, त्यामुळे मी फारच कोसळले आहे असं लोकांना वाटलं. तो अभ्यास अपूर्ण राहावा म्हणून या माणसाने शेवटची चार वर्षं काय काय खस्ता खाल्ल्या, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

नाना मध्य प्रदेशातल्या धारचे, आमचं कार्यालयही तिथेच. त्यांचे पणजोबा संस्थानच्या खजिन्यावर होते आणि पुढच्या प्रत्येक पिढीने कुठल्या ना कुठल्या सरकारी खुर्चीत बसून आकडेमोड केली. नाना स्वतः सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले आणि घरी बसून काकूंच्या स्वयंपाकघरात सुधारणा सुचवू लागले. वर्षभरात काकूंचा धीर सुटला. त्यांनीच नानांना आमच्या कार्यालयात कंत्राटी सल्लागार म्हणून अर्ज करायला लावला. सरकारी दवाखान्यांना कुठे काय द्यायचं हे आमची समिती ठरवते. कुठे खर्च केला तर लोकांचं जास्त भलं होईल, हे हिशेबाने सांगायचं काम नानांचं. ते सांगत असत. ऐकत कोणी नसे, पण चहा दोन वेळा मिळे आणि तेवढ्यावर ते खूश असत.

मी देवासची. वडील साताऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आले आणि तिथेच राहिले. घरात मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे मराठी बोलता येई, पण वाचायला बसलं की घाम फुटे. नानांची टिपणं मराठीत असत आणि ती हिंदीत टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मराठी वाचायला मी दमा, जंत आणि हगवण यांच्या खर्चाच्या तक्त्यांवरून शिकले. नाना मला नावाने कधीच हाक मारत नसत. "देवासकर," म्हणत, "तुझी मराठी कारखान्याच्या बसमधून उतरल्यासारखी वाटते. जरा हातपाय धुऊन आण तिला."

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कोणी काहीही मागितलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कशाच्या ऐवजी?" त्यांचं म्हणणं असं की काही घेतलं म्हणजे दुसरं काहीतरी सुटतंच. सुटलं काय ते ज्याला सांगता येत नाही, त्याने मागू नये. एकदा काकूंनी नवा मिक्सर मागितला. नानांनी विचारलं, "कशाच्या ऐवजी?" काकू म्हणाल्या, "तुमच्या." मिक्सर दुसऱ्या दिवशी घरात आला. देवासला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात वाढपी जिलबी घेऊन आला, तर त्यालाही यांनी तेच विचारलं. तो बिचारा म्हणाला, "काकाजी, किसी के बदले नहीं, गुलाबजाम भी लो, ये भी लो." नाना आठवडाभर कार्यालयात सांगत होते, "हाच तो माणूस. हाच वर बसलेला आहे. त्याला नुसतं वाढायचं आहे."

मग एके दिवशी खरोखरच वरून पत्र आलं. यापुढे आरोग्यावरच्या प्रत्येक खर्चाच्या प्रस्तावाला आर्थिक आधार, म्हणजे एविडेन्स, जोडलेला असावा. नानांनी ते पत्र घरी नेऊन देवापुढे ठेवलं, हे मला काकूंनी सांगितलं. उभ्या आयुष्यात त्यांना हवं असलेलं पत्र एकदाचं आलं होतं.

कार्यालयात त्या पत्राचं काय झालं ते आमच्या राठौर बाबूंमुळे झालं. राठौर बाबू बदनावरचे, घराणं मंडीतलं, धान्याचा व्यवहार पाहत वाढलेले. पत्र त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी कुठल्यातरी जुन्या फाइलीतून मच्छरदाण्यांवरचा एक अहवाल काढला, त्याच्या भरपूर झेरॉक्स मारल्या आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. येईल त्या प्रस्तावाला एकेक प्रत टोचायला सुरुवात झाली. नानांनी हरकत घेतली तर म्हणाले, "भिया, लिखा है जुड़ा होना चाहिए. जुड़ा है कि नहीं? खींच के देख लो."

त्याच गठ्ठ्यातली एक प्रत कारंज्याला लागली. इस्पितळासमोर कारंजं बसवावं, रुग्णांचं मन प्रसन्न होईल, असा प्रस्ताव होता. समितीच्या बैठकीत नानांनी मागचं पान उलटून पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "साहब, ये तो मच्छर कम करने का एविडेन्स है. फव्वारे से तो मच्छर बढ़ेंगे."

साहेबांनी राठौर बाबूंकडे पाहिलं. राठौर बाबू म्हणाले, "तो बढ़ेंगे तब काम आएगा ना साहब."

हा मुद्दा साहेबांना पटला. नानांचा मात्र तोल गेला. त्यांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला, तोही मराठीतून. "पण हे कारंजं कशाच्या ऐवजी?" असा प्रश्न त्या खोलीत कोणाला पडलाच नव्हता. पण प्रश्न नोंदवहीत गेला आणि नोंदवहीत गेलेल्या प्रश्नाला उत्तर लागतं. तीन दिवसांत उत्तर तयार झालं. धरमपुरीच्या पुढे नर्मदेकाठी एका गावात एक लहानसं आरोग्य केंद्र होतं. एक सिस्टर, दोन खोल्या, एक खाट. येणारे कमी. ते बंद करावं आणि त्याऐवजी कारंजं.

नाना ती टीप घेऊन माझ्या टेबलाशी आले. "देवासकर," म्हणाले, "ते केंद्र कोणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं. माझ्या तोंडाने त्याचं नाव फाइलीत आलं." मी त्यांना असं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मलाही वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कारण गप्प बसायचं कधी, हे या माणसाला कधी कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. केंद्राची खरी किंमत काय, याचा अभ्यास मी करतो. साहेब म्हणाले, करा. पुढच्या बैठकीपर्यंत.

नानांची पद्धत अशी होती. माणसाला विचारायचं, समजा तुमचं अजून दहा वर्षांचं आयुष्य आहे आणि हे दुखणं असंच राहणार आहे. मी दुखणं पार बरं करतो, पण त्या बदल्यात काही वर्षं कापून घेतो. किती द्याल? जितकी जास्त वर्षं माणूस द्यायला तयार, तितकं त्याचं दुखणं मोठं. आणि दुखणं जितकं मोठं, तितका ते हलकं करणारा दवाखाना मोलाचा. "मोठमोठ्या देशांत असंच ठरवतात," नाना म्हणाले. मोठमोठ्या देशांत राठौर बाबू नसावेत. सराव म्हणून नानांनी पहिल्यांदा त्यांनाच त्यांच्या आम्लपित्ताबद्दल विचारलं.

"एक साल दूँगा," राठौर बाबू म्हणाले.

नानांनी लिहिलं, एक.

"अरे, लिख लिया? आपने तो कुछ बोला ही नहीं. चलो, आठ महीने में कर लो."

"राठौर जी, इसमें मोलभाव नहीं होता."

"तो फिर सौदा किस बात का? छह महीने, और कचोरी चालू रहेगी." शेवटी ते चार महिन्यांवर थांबले आणि दिवसभर सगळ्यांना सांगत फिरले की पोतनीसला गुंडाळलं.

आम्ही धरमपुरीला गेलो. धारहून बस, पुढे टमटम, मग केंद्रापर्यंत चालत. केंद्र घाटाच्या पायऱ्यांच्या वर आहे. पलीकडच्या काठावरून नाव येते, तिच्यातून बायका उतरतात, पायऱ्या चढतात आणि वर पोचेपर्यंत ज्या दुखण्यासाठी आल्या त्यात गुडघ्याची भर पडते. सिस्टरने आम्हाला सांगितलं, पावसाळ्यात अलीकडचा रस्ता पाण्याखाली जातो, तेव्हा दोन्ही काठांना मिळून हीच एक खाट असते. मागच्या श्रावणात एक बाई नावेतच अडली होती, तिला चौघांनी उचलून वर आणलं. आता तिचा मुलगा केंद्राच्या ओट्यावर दिवसभर माती खातो. "हा धंदा बंद करा म्हणून लिहा तुमच्या रिपोर्टात," सिस्टर त्याच्या तोंडातून खडा काढत म्हणाली. ती खंडव्याकडच्या मराठी घरातली होती आणि नानांच्या मराठीवर खूश होती.

केंद्रात येणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या. नाना एकेकीसमोर पाटावर बसून विचारत आणि मी कागद भरत असे. उत्तरं ऐकून मी थक्क झाले. राठौर बाबूंनी चार महिन्यांसाठी रक्त आटवलं होतं, इथे बायका आठ, नऊ, दहाच्या दहा वर्षं देऊन टाकत होत्या. गुडघ्यासाठी दहा. खोकल्यासाठी नऊ. एकीने तर विचारलं, "दस से ज्यादा की लिखाई नी होती क्या?"

धारला येऊन नानांनी हिशेब मांडला. त्यातून असं निघालं की नर्मदेकाठचं दोन खोल्यांचं केंद्र हे आमच्या भागातल्या सगळ्या इस्पितळांपेक्षा मोलाचं आहे, आणि तिथली बामची बाटली ही वैद्यकशास्त्रातली एक थोर गोष्ट आहे. मला आनंद झाला. केंद्र वाचलं होतं.

बैठकीला आठ दिवस होते. नाना त्यांच्या घरी बसून कागद तपासत होते. मध्येच म्हणाले, "देवासकर, हा गोलू कोण?"

मी म्हटलं, "कुठला गोलू?"

"शेवटच्या रकान्यात. गोलू. इथे मुन्नी. इथे परत गोलू. ही भूरी कोण?"

बायकांनी आग्रहाने नावं सांगितली होती, म्हणून मी ती शेरा म्हणून लिहून घेतली होती. ती नातवंडांची होती. भूरी म्हैस होती, असं मला अंधुक आठवत होतं. नानांना काही उमगेना. तेवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या, उभ्या उभ्याच कागद वाचला आणि म्हणाल्या, "अहो, सासूबाई नाही का म्हणायच्या, माझं उरलेलं आयुष्य नातवाला लागो? त्या बायकांनी तेच केलंय. तुम्ही शिक्क्याचा कागद घेऊन वर्षं मागायला गेलात. त्यांना वाटलं, इतकी वर्षं नुसतं तोंडाने म्हणत होतो, आता सरकार ते खरंच करणार."

नानांनी पोह्यांना हात लावला नाही. वर्षं गुडघ्यासाठी दिलीच नव्हती. गुडघा त्यांच्यापैकी कोणी हिशेबात धरलाच नव्हता.

मी गयावया केली. म्हटलं, नाना, आकडा आपल्या बाजूचा आहे, कारंज्याला मच्छरदाणी चालते तर केंद्राला गोलू का नाही? ते म्हणाले, "मग माझ्यात आणि राठौरांत फरक तो काय?" आणि आम्ही परत धरमपुरीला गेलो.

या वेळी नानांनी प्रत्येकीला नीट समजावलं. ही वर्षं कोणालाही मिळणार नाहीत. नातवाला नाही, लेकीला नाही, म्हशीला तर नाहीच. नुसती जाणार. आता बोला, किती द्याल?

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिली म्हणाली, "कोई को नी मिलेगा, तो क्यों दूँ? नद्दी में फेंकने वास्ते?" तिने एक दिवससुद्धा दिला नाही. दुसरीनेही नाही. तिसरी मागच्या वेळी दिलेली नऊ वर्षं परत मागायला लागली आणि ती तिच्यासमोर खोडून दाखवावी लागली. सगळीकडे शून्य. नव्या हिशेबाप्रमाणे त्या गावात कोणाला काहीच दुखत नव्हतं आणि केंद्राची किंमत काहीही नव्हती.

शेवटची सुगनबाई होती. पायऱ्यांच्या तोंडाशीच तिचं घर. वय तिलाही माहीत नव्हतं, दम्याने छाती सुईसुई वाजत होती. नानांचा प्रश्न तिने डोळे मिटून ऐकला, मग म्हणाली, "ये तो सोचनो पड़ेगो." नानांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "बोल्यो नी, सोचूँगी." आमची परतीची वेळ झाली तरी तिचा विचार झाला नव्हता. नानांनी तिच्या नावापुढे लिहिलं, उत्तर बाकी.

बैठकीत साहेब म्हणाले, "हाँ पोतनीस जी, फिगर बताइए."

मी मागे बसले होते. शून्य सांगितलं की केंद्र गेलं, हे मला माहीत होतं, आणि नाना शून्यच सांगणार हेही माहीत होतं. ते उठले. खिशातून कागद काढला, शेवटची ओळ पाहिली. मग म्हणाले, "साहब, एक उत्तर बाकी है."

"एक? बाकी सब का आ गया ना? एक से क्या फर्क पड़ता है?"

"पड़ सकता है."

साहेब वैतागले. पण राठौर बाबूंना पत्र तोंडपाठ होतं. ते न राहवून म्हणाले, "पत्र में है साहब, अध्ययन पूरा होने तक उस विषय पर निर्णय नहीं लेना है." मग साहेबांचा इलाज चालेना. केंद्र जसं आहे तसं राहू द्यावं आणि अभ्यास लवकर पुरा करावा, असं ठरलं.

बाहेर आल्यावर नानांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मी खोटं बोललो नाही ना गं?"

"नाही नाना. बाकीच आहे."

"बाकीच आहे," ते म्हणाले आणि चालायला लागले.

त्यानंतरची चार वर्षं नाना दर महिन्याला धरमपुरीला गेले. सुगनबाईला प्रश्न विचारत, ती अजून विचार करतेय, असं कागदावर नोंदवून परत येत. लवकरच त्यांच्या ध्यानात आलं की सगळं केंद्र त्या एका म्हातारीच्या श्वासावर उभं आहे. ती गेली की बाकी उत्तर उरणार नाही, अभ्यास पुरा, निकाल शून्य. मग त्यांनी तिची अशी काळजी घ्यायला सुरुवात केली की काकू म्हणाल्या, माझ्या बाळंतपणात इतकं केलं असतंत तर. तिला मफलर नेला. पायऱ्यांना पदरच्या खर्चाने बांबूचा कठडा लावून घेतला. सिस्टरला सांगून दर सोमवारी तिची छाती तपासायची व्यवस्था केली. सुगनबाईलाही आपलं महत्त्व कळलं असावं. "नाना, रतलामी सेव बिना सोच नी आवे," ती म्हणाली, आणि नाना सेव न्यायला लागले. सेव खाऊन तिला ढास लागे म्हणून सिस्टर त्यांच्यावर ओरडे. मी गंमत म्हणून विचारलं, नाना, ही सेव कशाच्या ऐवजी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

इकडे इस्पितळासमोर कारंज्यासाठी उत्साहाने आधीच खोदलेला खड्डा तसाच राहिला. उन्हाळ्यात त्यात शेळ्या झोपतात.

सुगनबाई आज ठणठणीत आहे, केंद्र चालू आहे आणि अभ्यास आता माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला शेवटची सांगायची आहे ती गोष्ट नाना गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली आहे.

वैशाखातली दुपार होती. आम्ही पोचलो तर केंद्रातल्या त्या एकुलत्या खाटेवर सुगनबाई पडलेली. ताप होता, हाताला सलाइन लावलेलं. नानांना पाहिल्यावर तिने दुसऱ्या हाताने जवळ बोलावलं.

"नाना, कागज काढो. म्हारो जवाब तैयार छे."

"घाई नाही सुगनबाई. आराम से."

"नी. आज लिखी लो. म्हारा बाद किसको पूछोगे?"

नानांनी कागद काढला. त्यांचा काही इलाज नव्हता, चार वर्षं ते हेच विचारायला येत होते. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. सिस्टर सलाइनची नळी धरून तशीच उभी राहिली. सुगनबाईने श्वास गोळा केला आणि तोंड उघडलं.

"थांबा," नाना म्हणाले. "पेन नहीं चल रहा. स्याही खतम."

त्यांनी खात्री पटवायला पेन झटकलं आणि शाईचा टपोरा निळा थेंब खाली पांढऱ्या फरशीवर पडला. तो आम्ही चौघांनीही पाहिला. नाना त्या थेंबाकडे बघत राहिले, आकडे लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस, कानाच्या पाळीपर्यंत लाल झालेला. सुगनबाईने आधी थेंबाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. सिस्टरने तोंड फिरवलं.

"अच्छा," सुगनबाई म्हणाली. "तो कल दूसरो लाजो." आणि डोळे मिटून घेतले.

आम्ही बाहेर आलो. ऊन मी म्हणत होतं. नाना त्यांनीच लावलेल्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते आणि मी मागून येत होते. खाली पोचल्यावर ते थांबले आणि वळून न बघता म्हणाले,

"देवासकर, उद्या परत यायचं आहे. पेन विसरायचं, तेवढं लक्षात ठेव."